कड्यावरचं शिवसुमन

हा लेख वाचायला बसण्याआधी जरा स्वयंपाकघरात डोकावून या. ओटा ग्रॅनाइटचा आहे ना? त्यावर नीट वाकून पाहा. पांढरे, काळे, गुलाबी असे निरनिराळे ठिपके दिसतील. आता घराबाहेर पडा आणि रस्त्याकडेचा एखादा काळा दगड उचला. त्यात असे ठिपके शोधून सापडायचे नाहीत. हा आपला काळा पत्थर, म्हणजे बेसॉल्ट. ग्रॅनाइट आपल्या पुण्याचा नव्हे, तो बाहेरून येतो. पुण्याचा दगड म्हणजे हा काळाच! जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं ह्याच दगडात कोरलंय, पर्वतीची टेकडी ह्याच दगडाची आणि शनिवारवाड्याच्या तटाचा पायाही ह्याच दगडाचा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आला. थरावर थर बसले आणि आपला सह्याद्री तयार झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसानं झिजले, कठीण थर सरळसोट उभे राहिले. त्यांनाच आपण कडे म्हणतो. शिवाजी महाराजांना किल्ल्यांसाठी असे आयते तट मिळाले, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेलच.

पण ह्या कड्यांवर आणखी एक रहिवासी आहे. तो इतिहासाच्या पुस्तकात नाही. किल्ले बांधणाऱ्यांच्याही कितीतरी आधीपासून तो तिथे राहत असावा. आज मी तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

त्याचं मराठी नाव शिवसुमन. खेड्यापाड्यांतली जुनी माणसं त्याला शिंदळ माकुडी म्हणतात. शास्त्रज्ञ त्याला फ्रेरिया इंडिका म्हणत आले. जगाच्या पाठीवर ही वनस्पती फक्त आपल्या महाराष्ट्रात उगवते, बरं का! आणि महाराष्ट्रातही सगळीकडे नाही. शिवनेरी, पुरंदरचा जोडकिल्ला वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, महाबळेश्वर, शिवथरघळ, भंडारदऱ्याजवळचा रंधा धबधबा अशा मोजक्या जागी ती सापडली. पुढे आणखी थोड्या जागा कळल्या, पण एकूण ठिकाणं बोटांवर मोजता यावीत इतकीच. यांतले शिवनेरी आणि वज्रगड आपल्या पुणे जिल्ह्यातले. म्हणजे वाघासिंहाइतकीच दुर्मिळ असलेली ही गोष्ट पुण्याहून एसटीनं जाऊन दिवसभरात परत येण्याइतकी जवळ आहे!

दिसायला कशी असते ही वनस्पती? उन्हाळ्यात पाहिलीत तर तुम्ही नाक मुरडाल. कातळाच्या फटीतून बोटाएवढ्या जाडीच्या, राखाडी-हिरव्या, गुळगुळीत कांड्या बाहेर आलेल्या असतात. पान नाही, काटा नाही, काही नाही. कुणीतरी मेणबत्त्या वाकवून खोचून ठेवल्यासारख्या दिसतात. पण मृगाचा पाऊस पडू द्या! त्या कांड्यांना जाडसर, लांबट हिरवी पानं फुटतात. मग श्रावण-भाद्रपदात, साधारण गौरी-गणपतीच्या सुमारास, कांड्यांच्या टोकांशी चांदण्या उमलतात. पाच पाकळ्यांची, रुपयाच्या नाण्याहून थोडीशीच लहान-मोठी चांदणी. रंग गडद लाल, जांभळटाकडे झुकणारा. त्यावर पिवळसर नक्षी आणि पाकळ्यांच्या कडेला बारीक लव. काळ्या कातळावर ही लाल चांदणी दिसली की माणूस जागच्या जागी थबकतो.

फूल हुंगायला मात्र जाऊ नका! हा वास तुमच्या-आमच्यासाठी नाही, माश्यांसाठी आहे. शिळ्या, कुजक्या पदार्थाच्या वासाला भुलून माश्या येतात. आता इथे गंमत पाहा. तुम्हाला रुईचं झाड माहीत आहे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, ती. शिवसुमन ह्या रुईच्याच घराण्यातलं. ह्या घराण्यात परागकण भुकटीसारखे सुटे नसतात. ते इवल्याशा पिशव्यांत भरलेले असतात आणि दोन-दोन पिशव्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात. माशी फुलावर बसून मध शोधू लागली की तिच्या पायाला किंवा सोंडेला तो चिमटा अडकतो. माशी चिमट्यासकट उडते. तीच माशी त्याच जातीच्या दुसऱ्या फुलावर गेली आणि ती पिशवी नेमक्या खाचेत बसली, तरच शेंग धरते. जरा इकडेतिकडे झालं की सगळं फुकट! म्हणूनच रुईला इतकी फुलं येतात, पण शेंगा मोजक्याच. शिवसुमनाचंही तसंच.

शेंग पिकून तडकली की आतून रेशमी झुपका लावलेल्या बिया बाहेर पडतात. रुईच्या अशा बिया हवेत तरंगताना दिसल्या की आपण ‘म्हातारी, म्हातारी’ म्हणून मागे धावतो ना? तशीच ही शिवसुमनाची म्हातारी. फरक एवढाच, की रुईच्या म्हातारीला कुठेही उतरलं तरी चालतं. शिवसुमनाची म्हातारी कड्यावरून निघाली की खाली शेतात, रस्त्यावर, ओढ्यात, कुठेही जाऊन पडते. तिला हवी असते ती कातळातली एखादी फट, चिमूटभर माती असलेली, पाणी न साचणारी. अशी फट तिला मिळणार कशी? नशीब असेल तरच.

आता मला सर्वात आवडणारी गोष्ट. ही थोडी अवघड आहे, पण सावकाश वाचा. पालकांनी मदत केली तरी चालेल.

पानांवर बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात, हे तुम्ही शिकलात. बहुतेक झाडं दिवसा ती उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उन्हाच्या मदतीनं अन्न बनवतात. पण छिद्र उघडं म्हणजे पाणीही उडून जाणार! पावसाळ्यात त्याची फिकीर नाही. वैशाखात, तापलेल्या काळ्या कातळावर मात्र दिवसा छिद्रं उघडी ठेवणं म्हणजे उन्हात माठ फोडण्यासारखंच. म्हणून निवडुंगासारख्या वनस्पतींनी युक्ती काढली. त्या दिवसा दारं बंद ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि सकाळी ऊन आलं की दार न उघडता त्याचंच अन्न बनवायचं.

ह्या युक्तीची एक जुनी नोंद झाली ती चक्क जिभेमुळे! कुंडीतली पानफुटी तुम्ही पाहिली असेल. पान मातीवर ठेवलं की कडेनं पिल्लं फुटतात ती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात काम केलेल्या बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1813 सालच्या एका पत्रात लिहून ठेवलंय, की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं, दुपारपर्यंत त्याची चव जाते. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं म्हणून असं घडतं. (त्यांनी चाखलं म्हणून तुम्ही दिसेल ते पान तोंडात घालू नका. ते जाणकार होते!)

तर काही झाडं दिवसाची पद्धत वापरतात, काही रात्रीची. मग शिवसुमन कुठली वापरतं? 1977 साली लांगे आणि झुबर ह्या दोन शास्त्रज्ञांनी ह्याचाच अभ्यास केला. उत्तर मोठं मजेदार निघालं: दोन्ही! पावसाळ्यात येणारी पानं दिवसा कामाला लागतात, चारचौघांसारखी. आणि मांसल खोड रात्रपाळी करतं, निवडुंगासारखं. पाऊस संपला की पानं गळतात आणि मग आठ महिने केवळ खोडाच्या रात्रपाळीवर झाड जगतं. एकाच झाडात दोन पाळ्यांचा कारखाना! ह्या उपगटातल्या तिच्या बाकीच्या भावंडांना अशी खरीखुरी पानं जवळजवळ नसतातच. म्हणून जगभरच्या शास्त्रज्ञांना ह्या एका मराठी झाडाचं एवढं अप्रूप.

हिच्या नावाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. निकोल डाल्झेल नावाचा एक स्कॉटिश माणूस मुंबई इलाख्यात वनखात्यात होता. अलेक्झांडर गिब्सन ह्या दुसऱ्या वनस्पतिप्रेमी साहेबाबरोबर त्यानं 1861 साली मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचं एक मोठं पुस्तक काढलं. (हे गिब्सनसाहेब आपल्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख होते. आज दापोडीतून जाताना तिथे एके काळी औषधी वनस्पतींची मोठी बाग होती, हे सांगून खरं वाटत नाही.) पुस्तक छापून झालं आणि दोन-तीन वर्षांतच डाल्झेलला हे नवं झाड मिळालं! लेखकाचं दुःख लेखकच जाणे. मग त्यानं त्याचं वर्णन लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात 1864-65 च्या सुमारास प्रसिद्ध केलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्यावरून त्याला फ्रेरिया हे नाव दिलं.

आता योगायोग पाहा. ह्याच फ्रिअरसाहेबांच्या कारकिर्दीत मुंबईच्या जुन्या किल्ल्याचे तट पाडून टाकले गेले, शहर वाढवायला जागा हवी म्हणून. ज्यानं तट पाडले त्याचं नाव मिळालं गडाच्या कड्यावर राहणाऱ्या फुलाला! मुंबईतला फ्रिअर रोडही पुढे पी. डि’मेलो मार्ग झाला. साहेबांचं नाव टिकलं ते फुलात.

तेही पूर्ण टिकलं असं नाही. वनस्पतिशास्त्रात झाडांच्याही शाळा बदलतात. नवी माहिती कळली की एका गटातून दुसऱ्या गटात बदली. 1958 साली कुणी हिला कॅरालुमा गटात नेलं, नंतर कुणी बुसेरोसियात. 2017 साली दक्षिण आफ्रिकेतल्या ब्रॉइन्स ह्यांनी ती सेरोपेजिया गटात घातली. सेरोपेजिया म्हणजे आपली कंदीलफुलं, खर्पुडीची भावंडं. आता काही पुस्तकांत ती सेरोपेजिया फ्रेरी अशी दिसेल, काहींत जुन्या नावानं. गोंधळू नका. झाड तेच आहे आणि कड्यावरच आहे.

मात्र, किती दिवस असेल?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण ह्या संस्थेनं 1987 ते 1990 ह्या काळात धोक्यात आलेल्या वनस्पतींचं ‘रेड डेटा बुक’ तीन खंडांत काढलं. त्यात शिवसुमनाचं नाव आहे. धोका कुणापासून? वाघाला शिकारी असतो, तसा एखादा खलनायक इथे दाखवता येत नाही. पहिला धोका शेळीचा. ह्या कांड्या रसाळ, बिनकाट्याच्या आणि कोवळ्या. उन्हाळ्यात रान वाळून कोळ झालेलं असताना शेळीला ही हिरवी कांडी दिसली, तर ती सोडेल का? गुराखी मुलंही पूर्वी ह्या कांड्या तोडून खात. त्यांना दोष देऊ नका, करवंदं-जांभळांसारखाच तो रानमेवा त्यांचा.

इथे मला एक शंका नेहमी येते. आपण म्हणतो, शिवसुमनाला उभे कडे आवडतात. खरंच आवडतात का? की जिथे शेळीचं तोंड आणि माणसाचा हात पोचला, तिथलं शिवसुमन संपलं आणि जिथे पोचला नाही तेवढंच उरलं? तुम्ही गडावर गेलात की हा विचार करून पाहा. मला तरी दुसरी गोष्ट जास्त पटते.

दुसरा धोका वणव्यांचा. उन्हाळ्यात डोंगरावरचं वाळलं गवत पेटतं किंवा पेटवलं जातं. कड्याच्या माथ्यावर आग लागली की फटीतल्या रसाळ कांड्या भाजून निघतात. शिवाय दरडी कोसळतात, घाटातले रस्ते रुंद करताना कातळ फोडला जातो, खाणी पडतात. जी वनस्पती डोंगरभर पसरलेली असते तिला एक कडा गेल्यानं काही होत नाही. जिची सगळी बिऱ्हाडं मिळून दहा-पंधरा कड्यांवर आहेत, तिला एक कडा म्हणजे फार झाला.

आणि तिसरा धोका, सांगायला वाईट वाटतं, पण झाडांवर प्रेम करणाऱ्यांचाच. दुर्मिळ म्हटलं की आपल्याकडे हवंच, असं वाटणारे लोक असतात. तिकडे परदेशात निवडुंग जमवणाऱ्यांच्या काचघरांत फ्रेरिया कधीची पोचली आहे. कारण लावायला ती अगदी सोपी. कांडी तोडा, चार दिवस सुकू द्या, वाळूमिश्रित मातीत खोचा, की मुळं फुटली!

तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? कुंड्या-कुंड्यांतून लावली की झालं. मलाही तसंच वाटायचं. मी हे झाड पहिल्यांदा पाहिलं ते कड्यावर नव्हे, पुण्यातच एका स्नेह्यांच्या गच्चीवर. त्यांनी त्यांच्या जुन्या कुंडीतली एक कांडी मला दिली. मी इतक्या प्रेमानं तिला रोज पाणी घातलं की पंधरा दिवसांत ती सडून गेली! स्नेही म्हणाले, “अहो, हिला माया नको, विसरभोळेपणा हवा.” दुसरी कांडी दिली. ती मी खरोखरच विसरलो आणि ती जगली.

पण ह्या कुंडीतल्या झाडांत एक गोम आहे. एका झाडाच्या शंभर कांड्या तोडून शंभर कुंड्या भरल्या, तरी ती शंभर झाडं नव्हेत. ते एकच झाड शंभर ठिकाणी बसलेलं आहे. त्याला एखादा रोग लागला तर शंभरच्या शंभर कुंड्यांना तो लागू शकतो. कड्यावर बियांपासून आलेली झाडं तशी नसतात. तुमच्या वर्गातल्या मुलांसारखं प्रत्येक थोडं वेगळं. कुणाला थंडी सोसते, कुणाला दुष्काळ. शिवनेरीचं शिवसुमन आणि सज्जनगडाचं शिवसुमन ह्यांच्यात असा काही फरक असेल, तर तो कड्यावरचं झाड गेलं की कायमचा गेला. शिवाय त्या माश्या, तो कातळ, ती रात्रीची गार हवा, हे काही कुंडीत लावता येत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी काम करतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यातच, कोरेगाव रस्त्यावर आहे. 1955 साली ते सुरू झालं. इथल्या मंडळींनी गड-किल्ले पालथे घालून शिवसुमनाच्या जागा नोंदवल्या, रोपं जपली. प्रयोगशाळांत ऊतिसंवर्धनानं, म्हणजे झाडाच्या इवल्याशा तुकड्यापासून काचेच्या नळीत, रोपं तयार करता येतात हेही दाखवून झालंय. अशी रोपं पुन्हा मोकळ्या रानात नेऊन लावण्याचे प्रयत्नही झाले. कुंडीत सहज येणारं झाड कड्यावर रुजवणं मात्र सोपं नाही. दोर लावून उतरायचं, फट शोधायची, रोप बसवायचं आणि मग पुढचा उन्हाळा ते काढतंय का याची वाट पाहायची.

यंदा भाद्रपदात तुमच्या शाळेची किंवा घरची सहल शिवनेरीला गेली, तर शिवजन्माची जागा पाहाच. सात दरवाजे मोजा. मग पायऱ्या चढताना मधूनमधून थांबून वरच्या कातळाकडे बघत चला. दुर्बीण असेल तर जरूर न्या. पावसाळ्यात कातळ शेवाळानं निसरडा असतो, तेव्हा कठड्याबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. लाल चांदणी दिसलीच तर वहीत तिचं चित्र काढा, तारीख लिहा, खाली काय उगवलंय, कुठल्या माश्या घोंघावताहेत ते टिपा. नेमकी जागा मात्र मोठ्यानं सगळ्यांना सांगत सुटू नका. ह्या लेखात मी गडांची नावं दिली, ती पुस्तकांत छापलेलीच आहेत. पण कुठल्या बुरुजाखाली, कुठल्या वळणावर, ते मी मुद्दामच लिहिलेलं नाही.

पुरंदर-वज्रगडचा भाग लष्कराच्या ताब्यात आहे, तिथे कुठवर जाऊ देतात ते आधी विचारूनच निघा. 1665 साली दिलेरखानानं पुरंदरच्या आधी हा वज्रगडच घेतला होता. तोफांनी त्याचे बुरुज ढासळले. तेव्हाही ह्या कांड्या खालच्या कातळात कुठेतरी असतीलच, असं मला आपलं वाटतं.

माझ्या गॅलरीतल्या कुंडीत गेल्या गणपतीत तीन फुलं आली. दीड दिवसाचे गणपती गेले त्या संध्याकाळी एक हिरवी माशी खरंच येऊन बसली. बराच वेळ फुलावर घुटमळली. मी श्वास रोखून पाहत होतो. मग ती उडाली आणि शेजारच्यांच्या खरकट्याच्या बादलीकडे गेली. आमच्या सोसायटीत दुसरं शिवसुमन नव्हतंच, ती तरी काय करणार! शेंग काही धरली नाही. आता त्या स्नेह्यांना विचारून, निराळ्या ठिकाणच्या बियांपासून वाढवलेलं एखादं रोप रोपवाटिकेतून मिळतंय का, ते पाहतो आहे.